जोडीचा हिशोब

1976 साली दिल्लीने समान वेतनाचा कायदा केला. उगीच तसदी घेतली. शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांवर येऊन विचारले असते, तर त्याहून पुढारलेली सोय सापडली असती. दिवाळीनंतर इथली कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाळ्याच्या तोंडावर परततात. भट्टीवर बाई-बाप्या असा भेद नाही. दर हजार विटांवर, आणि मजूर म्हणजे ‘जोडी’. पहाटेच्या अंधारात चिखल दोघांनी तुडवायचा, विटा दोघांनी पाडायच्या. बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी दिली, असा आरोप कोणी करूच शकत नाही. तिला वेगळी मजुरीच नसते. वहीत नाव नवऱ्याचे, उचलही त्याच्याच हाती. स्वयंपाक, पाणी, तान्हे मूल ही बाईची जादा हौस. ती हजारात धरत नाहीत.

ही पद्धत आता मंत्रालयात आणावी. नवरा-बायको दोघे अधिकारी असतील, तर जोडीला एक पगार, एक सही. वेतन आयोगाचे केवढे काम वाचेल! महिला दिनाचे भाषणही जोडीनेच व्हावे: तिने लिहावे, त्याने वाचावे. (सरपंचपतींना हा सराव आधीपासूनच आहे.)

भट्टीवर बाईला स्वतंत्र ओळख नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. नवरा वारला, की सुतक फिटायच्या आत वही उघडते आणि न फिटलेली उचल तिच्या नावावर चढते.