काळा घोडा आणि आमचे बैल

यवतमाळहून धामणगावकडे निघालेला माणूस बाभुळगावात थांबतो तो चहापुरता. धामणगावला मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन, त्यामुळे ज्याला बघावं त्याला गाडी गाठायची असते. कळंबच्या चिंतामणीचे भाविक त्यांच्या वाटेने जातात. बेंबळा धरणावर येणारे घरूनच डबा आणतात. आमच्या वाट्याला येतो तो पाहुणा कट चहा घेतो, पंक्चरवाला कुठे बसतो ते विचारतो आणि मार्गाला लागतो. सरकार यालाही पर्यटक म्हणत असेल, तर आमचा तालुका फार पुढे आहे.

इकडे शहरांत एक नवी तऱ्हा निघाली आहे. जुन्या कारखान्यांच्या वस्तीत चित्रकार, कुंभार, कॉफीवाले, कपडेवाले शेजारी शेजारी दुकानं थाटतात आणि मग सगळे मिळून लोकांना 'या' म्हणतात. मुंबईचं लोअर परळ घ्या. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. जिथे भोंगा झाला की माणसं आत शिरायची, तिथे आता पार्किंग मिळालं की शिरतात. फिनिक्स गिरणीचा मॉल झाला, धुरांडं शोभेला उरलं. पूर्वी मालकाला चुना लावणं परवडत नाही म्हणून ज्या विटा उघड्या दिसायच्या, त्याच आता मुद्दाम उघड्या ठेवतात आणि त्यांचा खर्च कॉफीच्या बिलात लावतात. उद्योग मेला की वस्तीला कला सुचते, असा काहीसा क्रम दिसतो.

बाभुळगावची अडचण अशी की, आमचा उद्योग अजून मेलेला नाही.

दसरा उलटला की जिनिंग-प्रेसिंगची धडधड सुरू होते आणि दिवाळीनंतर तर रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उडालेला फांद्यांना अडकून राहतो. गेटाबाहेर गाड्यांची रांग, आत वजनकाटा, आणि काट्यापलीकडे तो माणूस, ज्याच्यासमोर भलेभले शेतकरी गप्प होतात. तो ग्रेडर ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो आणि वरचा नव्हे, आतला कापूस काढतो, कारण वरचा चांगला कोण ठेवत नाही? सरकी बाजूला करून चिमूटभर रुई दोन्ही हातांच्या अंगठ्यांत धरतो, ओढतो, एकावर एक ठेवतो, पुन्हा ओढतो. असं चार-पाचदा झालं की तंतू सरळ होतात आणि बोटांत एक पांढरी, रेशमासारखी पट्टी उरते. ती उजेडाला धरून धाग्याची लांबी बघायची. मग मूठ दाबून ओलावा. या वेळी शेतकरी ग्रेडरच्या तोंडाकडे बघत नाही, पायातल्या चपलेकडे बघतो. माझ्या मते कुठल्याही कलादालनात यापेक्षा चांगलं काही चालत नसेल. तिथे निदान भावावरून भांडण होत नाही.

आत यंत्रांच्या रांगा. एका बाजूला रुई, खाली सरकी. क्विंटलभर कापसातून ढोबळ मानाने तिसरा हिस्सा रुई निघते. बाकी बहुतेक सरकीच. तिचं पुढे तेल होतं, ढेप होते आणि ढेप म्हशीच्या पोटात जाते. रुई दाबून दाबून सुमारे 170 किलोची गाठ बांधतात. खोलीएवढ्या ढगाची पेटीएवढी गाठ होताना पाहिली की माणूस थोडा वेळ स्वतःचे प्रश्न विसरतो.

तर हे लोकांना दाखवावं, आणि एकट्याने नाही, रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांनी मिळून दाखवावं, असं मी हॉटेलात बोलून बसलो. हॉटेल म्हणजे आलूबोंडा आणि तर्रीवालं.

"पाहुने येतीन त मायाकडून युरिया नेतीन काय?" कृषी केंद्रवाल्यांनी पहिलाच प्रश्न बरोबर ठिकाणी मारला.

"युरिया नाही नेणार भाऊ, पण उशी नेतील," मी म्हणालो. आमच्याकडे गादीवाला आहे. त्याच्या पिंजण्याच्या यंत्राजवळ पाच मिनिटं उभं राहिलं की माणूस पांढराशुभ्र होऊन बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांदेखत निघालेल्या रुईची, समोर शिवलेली छोटी उशी पुण्याचा माणूस सोडेल का? खोळ शिंपीदादा शिवतील. गादीवाल्याला हे पटलं. शिंपीदादांनी विचारलं, "पैसे आधी कोनाच्या गल्ल्यात जातीन?" तिथून पुढे चर्चा गल्ल्याबाहेर गेलीच नाही. हॉटेलवाल्या काकांचं म्हणणं होतं की, आपल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या दुकानाची वाट दाखवणं म्हणजे पोरीच्या लग्नात दुसऱ्याच्या पोरीचं स्थळ जमवून देणं. मग संघटना काढायचं ठरलं आणि संघटना म्हटल्यावर साहजिकच अध्यक्ष कोण यावर सगळे घरी गेले.

यात बाभुळगावचंच काही अडलं आहे असं नाही. हे सगळीकडे असंच सुरू झालं असणार. मुंबईत काळा घोडा असोसिएशन 1998 मध्ये उभी राहिली आणि 1999 पासून कला महोत्सव भरू लागला. आता जानेवारी-फेब्रुवारीच्या सुमारास नऊ दिवस तिथे पाय ठेवायला जागा नसते. गंमत म्हणजे तेव्हा तिथे घोडाच नव्हता. ज्यावरून हे नाव पडलं, तो सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा 1965 मध्येच हलवला. तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत गेला. नुसत्या नावावर गर्दी जमत राहिली आणि 2017 मध्ये नवा घोडा उभा केला, तोही स्वाराविना. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाची कथा याच्यावर ताण. तिथल्या रिचर्ड बूथ नावाच्या जुनी पुस्तकं विकणाऱ्या गृहस्थांनी 1 एप्रिल 1977 ला स्वतःला गावाचा राजा जाहीर केलं आणि आपल्या घोड्याला पंतप्रधान नेमलं. तारीख पाहून कुणी मनावर घेतलं नाही, पण पाहुणे आले आणि येतच राहिले. अध्यक्षपदाचा तिढा सोडवण्याची ही पद्धत आमच्या हॉटेलात मांडून पाहायला हवी.

हे-ऑन-वायचाच कित्ता गिरवून पाचगणीजवळच्या भिलारला 4 मे 2017 रोजी पुस्तकांचं गाव सुरू झालं. सरकारने पुस्तकं दिली, पण जागा दिली ती गावकऱ्यांनी: कुणाची ओसरी, कुणाची माडी, कुठे देऊळ, कुठे शाळा. पंचवीस ठिकाणांपासून सुरुवात झाली. कथा एका घरी, कविता दुसऱ्या घरी, त्यामुळे वाचणाऱ्याला गावभर फिरावंच लागतं. हीच खरी युक्ती आहे. आमच्याकडेही एका छपराखाली सगळं आणू नये. कापूस जिनात, उशी गादीवाल्याकडे, भूक हॉटेलात. पोळ्याच्या आधी आलं तर बैलांच्या झुली, चौर, घुंगरांची दुकानं, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, ऐकायला मिळतात त्या वेगळ्याच. झडतीत गावच्या पुढाऱ्यांचा पंचनामा होतो आणि ती म्हणणाऱ्याला कुणी मानधन देत नाही. घोडे लोकांना लखलाभ. आमच्याकडे बैल आहेत, आणि ट्रॅक्टरमुळे तेही आता थोडेच आहेत.

आणि एकत्र येणं म्हणाल तर ते आम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. आठवडी बाजारात दहा मिरचीवाल्या ओळीने बसतात. एकटी बसली तर गिऱ्हाईक येणार नाही, हे त्यांना कुणी व्याख्यान देऊन सांगितलेलं नाही. एकीकडे सुटे नसले की दुसरी देते, एक चहाला गेली की शेजारीण तिचंही माप मोजते, आणि भावावरून भांडतात त्याही त्याच दोघी. पक्क्या दुकानाला शटर लागलं की ही अक्कल बहुधा शटरबाहेर राहते. अध्यक्ष निवडायचाच असेल तर मी मिरचीच्या ओळीतून निवडेन.

तोवर संघटनेची वाट न पाहता तुम्ही या. दिवाळी आणि संक्रांतीच्या मधे या, तेव्हा जिनिंग भरात असतं. आधी मालकांना विचारा, मशीनपासून लांब उभे राहा, काळे कपडे घालू नका, आणि बिडी-काडीपेटी गेटाबाहेरच ठेवा. कापसाला ठिणगी पुरते.