आडनावापर्यंतची ओळख

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातल्या मुंढवा-केशवनगरच्या नदीपात्रावर कीटकांचे उंच खांब घोंगावताना दिसले आणि त्यांचा व्हिडिओ ‘डासांचं वादळ’ म्हणून देशभर फिरला. पुढे जाणकारांनी सांगितलं, ते डास नव्हतेच, न चावणारी चिलटं होती. पण खुलासा कोण फॉरवर्ड करतो? तेव्हापासून आमच्या कोथरूडातही ट्यूबलाइटपाशी काही बसलेलं दिसलं, की सोसायटीच्या ग्रुपवर फोटो पडतो. खाली प्रश्न: ‘डेंगीचा का हो?’

हे फोटो ओळखायची मला भारी हौस. प्राणी जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा, त्यात फोन त्याला सोडून भिंतीच्या पोपड्यावर फोकस करतो. तरी काही खुणा धूसर फोटोतही लपत नाहीत. डास बसला, की बहुधा मागचे पाय वर उचलतो. चिलट पुढचे पाय हवेत धरतं, समोर कुणी हार्मोनियम ठेवल्यासारखे. रक्त प्यायची लांब सोंडही त्याला नसते. मिशांवर मात्र जाऊ नये. नर डास असो की नर चिलट, दोघांच्याही पिसासारख्या झुबकेदार. आणि बाथरूमच्या टाइलवरचा तो केसाळ, बदामाच्या आकाराचा ठिपका? ते मोरीचं पाहुणं, त्याचं घराणंच वेगळं.

एवढं सगळं करून हाती काय, तर कायरोनोमिडी हे कुळाचं नाव, म्हणजे आडनाव. डहाणूकर कॉलनीत उभं राहून ‘कुलकर्णी कुठे राहतात?’ विचारावं, तसंच हे! जगभरात या आडनावाच्या हजारो जाती. नेमकी कोणती, हे ठरवायला बहुतेकदा नराचा पार्श्वभाग काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघावा लागतो. फोटोसाठी तो सहसा तेवढं सहकार्य करत नाही.

तशी मंडळी मोठ्या घरची. अंटार्क्टिकात कायम जमिनीवर राहणारा सर्वांत मोठा मूळ रहिवासी प्राणी म्हणजे यांचंच एक बिनपंखी भावंड, काही मिलिमीटरचं. इथल्या शाखेची पिल्लं नाल्याच्या गाळात वाढतात. प्राणवायू नावाला असला तरी त्यांचं भागतं, कारण अंगात हिमोग्लोबिन. म्हणून ती लालभडक. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ब्लडवर्म’ म्हणून माशांसाठी विकत मिळतात तीच.

हे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. दोन अंगठे आले. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, ‘छान माहिती. पण फवारा मारायचा की नाही, तेवढं सांगा.’