फायटरची शेपटी आणि गल्लीतले वैद्य

नागपुरात आजारी पडायची चोरी आहे. नुसतं शिंकलं तरी समोरच्या घरातून काढ्याची कृती येते. पानठेल्यावर उभं राहिलं तर दोन-तीन डॉक्टरांची नावं मिळतात, त्यांच्या स्वभावांसकट. माणसांचं ठीक आहे, ती आपली बाजू मांडू शकतात. आमच्याकडे सध्या आजारी आहे तो फायटर मासा, आणि तो बुडबुड्यांपलीकडे काही बोलत नाही.

त्याच्या शेपटीची कड झिजली आहे. शेजारच्या काकूंनी लांबूनच निदान केलं, "नजर लागली जी. केवढा चमकून राह्यला होता!" वर्धेच्या भाटव्यांनी फोटो पाहून कॅल्शियम कमी पडल्याचं कळवलं, ते स्वतः कॅल्शियमच्या गोळ्या घेतात. दुकानदाराने तर फोटोही पाहिला नाही. "निळं औषध टाका ना भाऊ, दोन थेंब." त्याच्याकडे निळं औषध शिल्लक होतं.

खरं तर फाटलेली शेपटी नीट पाहिली की बरंच सांगते. एका रात्रीत पडलेली सरळ चीर, कडा स्वच्छ आणि रंग तोच, तर काहीतरी टोचलं असं समजावं. संशय प्लॅस्टिकच्या झुडपांवर घ्यावा. जुनी नायलॉनची ओढणी त्यांच्यावरून फिरवायची. धागा अडकला तर शेपटीही अडकणार. अर्धगोल लचके तुटलेले दिसले तर गुन्हेगार बहुधा मासा स्वतःच. लांब, जड शेपटीचे फायटर कंटाळले, किंवा काचेतलं स्वतःचं प्रतिबिंब पाहून दिवसभर चवताळत राहिले, की आपलीच शेपटी चावतात. पण कड रोज थोडी थोडी आत सरकत असेल आणि तिला काळपट, लालसर किंवा पांढुरकी किनार असेल, तर ती कूज. एरवी निमूट असलेले जिवाणू पाणी बिघडलं की शेपटी खायला बसतात. कूज अंगापर्यंत पोचली, किंवा पोट फुगून खवले ताठ उभे राहिले, की थट्टा सोडून धावपळ करावी. गंमत अशी की शेपटी भरून येताना कडेला जो नवा पडदा धरतो तो पारदर्शक असतो, आणि तो पाहूनच लोक घाबरून पुन्हा निळी बाटली उघडतात.

या सगळ्या वैद्यांत पाणी कधी बदललं हे मात्र कोणी विचारलं नाही. फायटरचं दुर्दैव हे की त्याला हवेतून श्वास घेता येतो. कल्ल्यांच्या वर त्यासाठी वेगळं इंद्रिय आहे. तो वर येतो, हवेचा घोट घेतो, खाली जातो. पंप लागत नाही, म्हणून दुकानात तो मुठीत मावणाऱ्या डबीत राहतो आणि घरी फुलदाणीत. "डबक्यातलाच मासा आहे," हे समर्थन तयार असतं. थायलंडने २०१९ साली ज्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं तो हा मासा तिकडच्या भातशेतांतला. भंडारा-गोंदियाकडच्या माणसाला सांगायला नको, धानाच्या बांधीत पाणी वीतभर असेल, पण पसरलेलं किती आणि पावसागणिक नवं किती! फुलदाणीत त्याचीच विष्ठा आणि उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, आणि तो कल्ले नि पर दोन्ही जाळतो. हवा वरून घेता येते, पण राहायचं त्याच पाण्यात.

उरलेलं खाणं हाही इथला खास विषय. फायटरचं पोट जेमतेम त्याच्या डोळ्याएवढं. पण येणारा-जाणारा चिमूटभर टाकतोच. कोणाला उपाशी पाहणं आम्हाला जमत नाही.

त्यात आमचं हवामान. त्याला पाणी साधारण २४ ते २८ अंशांचं लागतं. आमचा मे महिना ४५ च्या पलीकडे जातो आणि डिसेंबरच्या रात्री दहाच्या खाली. थंडीत तो तळाशी बसून राहिला तेव्हा काकू म्हणाल्या, "एकटा पडला जी, जोडीदार आना." दुसरा फायटर आणला की शेपटीचा प्रश्न कायमचा मिटतो. शेपटीच उरत नाही.

वास्तविक या गावाची केवढी सोय! महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय फुटाळ्याच्या रस्त्यावर, मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला. तरी सल्लामसलत पानठेल्यावर.

मी सध्या पाव हिस्सा पाणी काढतो आणि रात्रभर उघड्या बादलीत ठेवून क्लोरीन उडालेलं, तितक्याच उबेचं पाणी ओततो, एकदोन दिवसांआड. सोबत अंगणातल्या देशी बदामाचं वाळलेलं पान, धुऊन. पाण्याला कोऱ्या चहाचा रंग येतो. थायलंडातले फायटर पाळणारेही हेच पान वापरतात. "काढा देऊन राह्यले का?" काकूंनी विचारलं आणि पहिल्यांदाच माझ्या उपचाराला मान्यता दिली.

शेपटीला पारदर्शक कड धरू लागली आहे. तुमचा फायटर आजारी वाटला तर आधी बादली भरून ठेवा. मला फोटो पाठवायचाच असेल तर त्याखाली पाणी शेवटचं कधी बदललं ते लिहा.