हिल रोडच्या गुरुवर्यांस अनावृत पत्र

परमपूज्य सल्लागार महोदय,

सा. न. वि. वि.

गव्हर्नमेंट कॉलनीतून स्टेशनचा पूल ओलांडून आपल्या थंडगार केबिनमध्ये प्रथम आलो, तो दिवस मी विसरणार नाही. बाबा तर नाहीच. आपली दक्षिणा त्यांच्या पीएफमधून आली होती. एमबीएसाठी बिझनेस स्कूलशी माझं नातं जोडून द्यायचं आपण मनावर घेतलं होतंत.

"पवईचं नीटी बंद पडलं, यादीतून काढ," हे आपण किती कळवळून सांगितलंत! १९६३ पासूनची ती संस्था २०२३ मध्ये आयआयएम मुंबई झाली, ही किरकोळ बातमी एसीच्या घरघरीत ऐकू आली नसेल.

"बजाजमध्ये आपली आतून ओळख आहे," हा दिलासाही आपलाच. चर्चगेटला जाऊन आलो. तिथल्या एमएमएसला सीईटीचे गुण आणि कॅपच्या फेऱ्या एवढीच ओळख चालते म्हणे. १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने उभ्या राहिलेल्या संस्थेने आपल्याला ओळखू नये, काय हा करंटेपणा!

माजी विद्यार्थ्यांना माझ्या नावाने आपण जो 'मनापासूनचा' मेल धाडलात, त्यात मी शाळेच्या क्रिकेट संघाचा कप्तान होतो. मी आजवर बॅट हातात धरलेली नाही, पण आपली श्रद्धा मोठी. एका ताईंचं उत्तर आलं: "या आठवड्यातला हा सहावा कप्तान."

तरी त्या बाईंनी फोनवर अर्धा तास दिला, तोही फुकट. सरासरी पगाराला भुलू नकोस, म्हणाल्या. दोन परदेशी नोकऱ्या सगळा वर्ग श्रीमंत दाखवतात. एनआयआरएफच्या तक्त्यातला मध्यक बघ. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठ आणि कंपन्या किती आल्या ते नको, किती जणांना घेऊन गेल्या ते विचार. पीजीडीएम ही पदविका, एमएमएस ही विद्यापीठाची पदवी, हेही त्यांच्याकडूनच कळलं. आपल्याकडे तीन महिने मला दोन्ही एकच होत्या. ताईंची गाठ आपल्या मेलमुळे पडली, हे ऋण मात्र नाकारत नाही.

आणि हो, ज्या एका कॉलेजाची आपण दर भेटीत आरती ओवाळत होतात, त्याची माहितीपुस्तिका बाबांनी परवा सहज उलटली. शेवटच्या पानावर 'प्रवेशासाठी संपर्क' म्हणून आपलाच मोबाइल नंबर. बाबा काही बोलले नाहीत. चष्मा पुसून पुन्हा वाचला, एवढंच.

लोभ असावा असं लिहिण्याची रीत आहे. तो आपल्याकडे उदंड आहे.

आपला,
सहावा कप्तान
वांद्रे (पूर्व)