वळण नसलेल्या रस्त्याचा नकाशा

अ‍ॅडलेडहून पर्थला विमानं जातात. तरी आमच्या पुतण्यानं भाड्याची मोटार ठरवली, बायकोनं खाण्याचं खातं घेतलं आणि मेहुणे, म्हणजे बायकोचे दादा आणि पुतण्याच्या तोंडी मामा, ‘रस्ता मी सांगणार’ म्हणत पट्टी-पेन्सिल घेऊन बसले.

नलारबोरचं ओसाड पठार ओलांडणारा एअर हायवे पोर्ट ऑगस्टा ते नॉर्समन असा सुमारे १,६६० किलोमीटर. त्यात कायगुना ते बॅलाडोनिया या टप्प्यात १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही.

“मामा, तिथे तुम्ही झोपा,” पुतण्या म्हणाला.

“सरळ जा, हे सांगायलाही माणूस लागतो,” मामा म्हणाले आणि त्यांनी पट्टी लावून तेवढी रेघ तांबडी केली.

मोटारीच्या करारात अंधार पडल्यावर गाडी चालवायला बंदी होती, कारण कांगारू, वॉम्बॅट आणि मोकाट उंट. वाटेत हायवेचेच काही तुकडे पट्टे रंगवून फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानाची धावपट्टी म्हणून ठेवलेत, हे कळल्यावर मामांनी विचारलं, “मागून विमान आलं तर साइड कुठल्या बाजूनं द्यायची?” करारात तेवढं एक कलम नव्हतं.

खरी पंचाईत बॉर्डर व्हिलेजची. पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरताना तिथे ताजी फळं, भाज्या आणि मध काढून घेतात.

“घेऊन करतात काय?” बायकोनं विचारलं.

“फेकून देतात, काकू.”

“फेकून!” तिनं लिंबांची पिशवी पोटाशी धरली. मग वेळापत्रक नव्यानं झालं: सेडुनाला सरबत, नलारबोर रोडहाऊसला काकडीची कोशिंबीर, आणि वेशीच्या अलीकडे उरलेला मध मामांना चमच्यानं. नको म्हणायची सोय त्यांना ठेवलेली नव्हती.

मामांचा जीव अडकला होता वेळेत. जुलैत अ‍ॅडलेडपेक्षा वाटेतल्या युक्लाचं घड्याळ पाऊण तास मागे, आणि पर्थचं त्याहून आणखी पाऊण तास. “माझी बीपीची गोळी आठची. कुठल्या आठची?”

“पुण्याच्या!” बायकोनं निकाल दिला. “आयुष्यभर तीच वेळ पाळलीस ना, दादा?”

मामांनी लगेच कागदावर मांडलं: पुण्याचे सकाळचे आठ म्हणजे अ‍ॅडलेडला दुपारचे बारा, युक्लाला सव्वाअकरा, पर्थला साडेदहा. तीन गावांची गाठ एका गोळीत बसली म्हणून ते खूश झाले.

पुतण्यानं गोळ्यांचं पाकीट उलटून पाहिलं. “मामा, यावर उपाशीपोटी लिहिलंय.”