हेड सोडून बोला

आप्पांच्या प्रीमियर पद्मिनीला काहीही नावं ठेवा, ते हसून घेतील. फक्त ‘हेड गॅस्केट’ हे दोन शब्द उच्चारू नका.

रेडिएटरमधलं पाणी रोज कमी होतं आणि गाडीखाली थेंबही दिसत नाही. मग पाणी जातं कुठे? “पुण्याची हवा कोरडी,” आप्पा सांगतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतो. “थंडीत वाफ दिसणारच.” हे मे महिन्यात. बोरघाटाच्या चढावर काटा लालमध्ये गेला की गाडी कडेला लागते, डिकीतले पाण्याचे कॅन बाहेर येतात आणि आप्पा घरच्यांना दरी दाखवतात.

मिस्त्री जाणता माणूस. त्यानं इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण काढलं आणि गाडी चालू केली. पाण्यात बुडबुडे. “काका, सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. हेड उतरवू या.”

“हवा धरली असेल रे,” आप्पा म्हणाले आणि त्यांनी थर्मोस्टॅट बदलून घेतला. मग रेडिएटरचं झाकण, मग होस पाइप, मग वॉटर पंप. एका ट्रकवाल्याच्या सल्ल्यानं रेडिएटरमध्ये हळदही पडली. त्या हळदीनं रेडिएटरचं बारीक भोक एखादवेळी बुजतं, गॅस्केटला तिचं काही देणंघेणं नसतं. डबा नेताना काकूंनी विचारलं, “कुंकूही देऊ का?”

आप्पा चिक्कू मुळीच नाहीत. या खटाटोपाच्या पैशांत हेड केव्हाच उतरलं असतं, कारण गॅस्केट स्वस्त असतं, मजुरी काय ती महाग. पण त्यांना संशय परवडतो, निकाल परवडत नाही. हेड उघडलं की ते वाकलंय का, तडा गेलाय का, सगळं बाहेर येणार. बोल्ट आवळलेले आहेत तोवर गाडी ठणठणीत.

शेवटी ऑइलनंच साक्ष दिली. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण उलटं धरलं, तर आत साय धरलेली. “पाणी ऑइलमध्ये गेलंय. आता बेअरिंगं जातील.” आप्पांनी मान हलवली, ती होकारार्थी मानून मिस्त्रीनं पाना उचलला.

दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध गॅस्केट जळालेलं निघालं. हेड किंचित वाकलं होतं; फेसिंग झालं, नवं गॅस्केट बसलं, मधल्या बोल्टपासून बाहेरच्या बाजूला क्रमानं टप्प्याटप्प्यात बोल्ट आवळले गेले. काटा मधोमध राहू लागला.

“मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं,” आप्पा म्हणाले, “पण ऐकतंय कोण!”

डिसेंबरच्या एका सकाळी शेजाऱ्यांनी आपली कोरी गाडी चालू केली. सायलेन्सरमधून जराशी वाफ निघाली. आप्पा गॅलरीतूनच ओरडले, “अहो, हेड बघून घ्या! नंतर म्हणाल, सांगितलं नाही.”