मिक्सरवरचा मंदडिया

मराठी माणूस बोलण्यात जन्मजात मंदडिया असतो. गल्लीत नवं हॉटेल निघालं की तिथली मिसळ खाता खाताच आपण सांगतो, "सहा महिनेसुद्धा चालायचं नाही." पैशाच्या बाबतीत मात्र आपण पक्के लाँगवाले. एलआयसी, एफडी, डोंबिवलीतला वन बीएचके. एकदा घेतलं की मुलांच्या लग्नापर्यंत हलायचं नाही. मी ठरवलं, निदान एकदा तरी तोंडाला येतं त्यावर पैसे लावायचे.

लोकलमधल्या आमच्या गटातल्या काकांनी नको म्हटलं. "लाँगमध्ये घोडा मेला तर घोड्याचे पैसे जातात. शॉर्टमध्ये तो किती उधळेल याला हिशेब नाही." मग 1982. कलकत्त्याच्या मंदडियांनी रिलायन्स विकायचा सपाटा लावला, समोरच्यांनी सगळा माल उचलून डिलिव्हरी मागितली, ह्यांच्या हातात शेअर कुठले? काका हे दलाल स्ट्रीटवर उभं राहून पाहिल्यासारखं सांगतात. त्या वर्षी ते सातवीत होते.

घरी हिला हापूसवर समजावलं. "समज, मार्चमध्ये शेजाऱ्यांची पेटी उसनी आणली, तीन हजारांना विकली. मेमध्ये बाराशेला घेऊन परत केली. अठराशे आपले."

"आणि आंबा कमी आला तर?"

या प्रश्नावर मी चहा मागितला.

माझा अभ्यास पक्का होता. घरातला मिक्सर सहा महिन्यांत बंद पडला होता आणि तो बनवणारी कंपनी बाजारात नोंदलेली होती. आदल्या दिवसाचा भाव 210. सकाळी मी 212ला शंभर शेअर विकले, नसलेले. आपल्याकडे कॅशमध्ये असं विकलं की त्याच दिवशी परत घ्यावं लागतं. तीन-वीसच्या सुमारास ब्रोकर स्वतःच सौदा कापतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला, फोन पाहिला. कंपनीला कसलीशी मोठी ऑर्डर मिळाली होती. भाव 252, वीस टक्क्यांचं अप्पर सर्किट. घेणारे हजारो, विकणारा एकही नाही. ब्रोकर तरी काय कापणार? पोळीचा तुकडा भाजीत तसाच राहिला.

मग लिलाव. न दिलेला माल एक्स्चेंज लिलावात विकत घेतं आणि बिल आपल्या नावावर फाडतं. 261. चार हजार नऊशे गेले, दलाली वेगळी. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये काकांनी एक शब्द विचारला नाही. नुसती खिडकीजवळची जागा दिली. मयताच्या घरच्यांना देतात तशी.

रविवारी हिने मिक्सरवाल्याला बोलावलं. त्याने भांडं काढलं, मशीन उलटं केलं, दोन कार्बन ब्रश बदलले. दीडशे रुपये. बटण दाबताच मिक्सर असा गरगरला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

"कंपनी एक नंबर आहे, साहेब," तो पिशवी आवरत म्हणाला. "वीस वर्षं बघायला नको."

ही चटणी वाटायला घेऊन गेली. खोबऱ्याची, भरपूर मिरच्या घातलेली.